आबाचं जमिनीवरून उठणं

११ ऑगस्ट, सोम
परवा पौर्णिमेला विहारात वंदना झाली. सगळे उठले, आबा उठलाच नाय. काकानं बगलेत हात घालून पोत्यावानी उचलला. आज काकानं विहारात ठेवायला प्लास्टिकची खुर्ची आणली. आबानं पायानं ढकलली. "तथागतापुढं मी उंच बसू?"
काका मला म्हणे, "समजाव तुझ्या आजोबाला." मी काय समजावणार. पाव्हणे आले तरी मी आत पळते.

१३ ऑगस्ट
दवाखाना. मॅडम म्हणल्या, मांडीचं मांस गेलंय. रोज खुर्चीवरून उठ-बस, हात न टेकता. अंडी, डाळ वाढवा. प्रोटीनची पावडर द्यायची तर आधी किडनी तपासा.
"पोरगी कितवीला?" मी काकामागं सरकले. काका: "नववीतच सोडली शाळा."
"मग हिलाच मास्तर करा."

१९ ऑगस्ट
तपासणी ठीक. औरंगपुऱ्यातून पावडर आणली. रोज एक चमचा, दुधात. आबा: "चुना कालवलाय का?"
उठ-बस (उ.ब.) ४. मी मनात मोजत होते. आबा ओरडला, "मोज की मोठ्यानं, लाजती कुणाला!"

७ सप्टेंबर, पौर्णिमा
उ.ब. ११. पण आज आबा आठ शील पाळतो, पौर्णिमेचे नियम. दुपारी बारानंतर अन्न नाय. एवढी कमाई वाया जाईल म्हणून संध्याकाळी लिंबूपाण्यात पावडर मिसळली. गुपचूप. शेवटच्या घोटाला कळलं त्याला. शिवी पण दिली नाय. "माझं शील मोडलंस" एवढंच.

९ सप्टेंबर
दोन दिवस उ.ब. बंद. अंडं पण नको म्हणतो. काका: "बरं झालं. ऐंशीच्या म्हाताऱ्याला काय पैलवान करती?"
लई राग आला. आबापुढं जाऊन म्हणले, चूक माझी. पाय तुझे. पौर्णिमेला सगळं बाराच्या आत देईन. आता उठ.
आबानं खुर्ची ओढली. मग उठला. उ.ब. ६.

२८ सप्टेंबर
आता जमिनीवरून. एक गुडघा, मग खाट धरून वर. आज एकदा खाट न धरता! परत जमलं नाय. पण एकदा तर...

७ ऑक्टोबर, मंगळ
आज पौर्णिमा, पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास संपला. वंदनेनंतर आबानं गुडघा उभा केला. काका धावला. माझ्या तोंडातून निघालं, "हात लावू नका!" सगळा विहार माझ्याकडं. कान तापले. तरी म्हणले, "उठतोय तो."
अर्धा उठला. थरथरला, परत बसला. मग माझा खांदा धरून उठला.
काका: "झालं? फिटली हौस?"
आबा धापा टाकत, "खांदा धरला. ही मोजू नको, पोरी. पुढची पौर्णिमा कधी हाय?"
पाच नोव्हेंबर, म्हणले. एकोणतीस दिवस हायेत.