मंजुरीच्या प्रतीक्षेत

३ जून
मुख्याध्यापिकाबाईंनी शाळेचं ऑनलाइन मासिक माझ्या गळ्यात बांधलं. मुलांनी, शिक्षकांनी वेबसाइटवर लेख टाकायचे. मी संपादक. मी मंजूर केल्याशिवाय एक अक्षर जगाला दिसणार नाही. पालकसभेत सगळं मोठ्या पडद्यावर दाखवणार. भाषा विभागाचा प्रमुखही तिथेच जाहीर होणार, म्हणजे मीच. इतकी वर्षं त्या खुर्चीकडे बघत काढली, आता बसायचं तेवढं बाकी.

कॉम्प्युटरचे सर म्हणाले, दहा मिनिटांत सगळं समजावतो. मी म्हटलं, समजावू नका, पासवर्ड द्या.

संकल्प : रोज थोडे लेख तपासणे. न चिडणे.

४ जून
चिडलो.

पाचवीतला एक जण लिहितो, 'माझा कुत्रा खूप छान आहे. तो छान आहे कारण तो छान आहे.' दुसऱ्याने निबंध कुठूनसा उचलला, वर 'येथे क्लिक करा' हेही उचललं. शिसारी आली. सगळ्यांना एकच शेरा दिला : स्वतःच्या शब्दांत लिहा.

पीटीच्या सरांनी गुडघ्यांवर लेख टाकलाय. शीर्षकातच बदामाचं चित्र. उघडला नाही. न वाचताच मंजूर केला, निदान नजरेसमोरून जावा म्हणून.

७ जून, दुपार
शेरा वाया. पोरांनी लेख पुन्हा पाठवले, आता कुत्रा 'खूपच' छान आहे. या चिखलात किती दिवस हात घालायचा? निर्णय घेतला : मीच सुधारणार. कुत्र्याच्या निबंधाला सुरुवात दिली, 'पहाटेच्या कोवळ्या किरणांत सारी सृष्टी न्हाऊन निघाली होती.' लगेच उठाव आला.

८ जून
तेच वाक्य पोहण्याच्या निबंधालाही चपखल बसलं. सायकलच्याही. शेवटी 'आयुष्य म्हणजे एक न संपणारा प्रवास' सगळीकडे चालतं. मधलं काय, मुलांचंच आहे. थोडंफार.

सौ. म्हणाली, मुलांचा अभ्यास तुम्ही का करताय? तिला संपादन काय कळणार.

१२ जून
सातवीतली ती शंकासुर (वर्गात तिला सगळे हेच म्हणतात, मीच नाव ठेवलं) स्टाफरूमच्या दारात उभी. तिचा लेख 'आजोबांची कवळी' मी सुधारून सगळ्यात आधी छापला, त्यावर हिची तक्रार. म्हणे, सर, कवळी बेसिनमध्ये संध्याकाळी पडली, तुम्ही पहाट का केलीत? म्हटलं, साहित्य घड्याळ बघत नाही. मग म्हणे, आजोबा हसले होते, ते वाक्य कुठे गेलं? हाकलली. या वयात एवढा आगाऊपणा.

१९ जून
माझा अग्रलेख तयार. विषय : लेखनातला अस्सलपणा. माझी सगळी लाडकी वाक्यं त्यात आहेत. मुद्दाम सगळ्यात शेवटी टाकला, म्हणजे पडद्यावर सगळ्यात वर दिसेल.

कॉम्प्युटरचे सर विचारत होते, या साइटवर नक्कल पकडायची सोय आहे, चालू करू का? जो मजकूर दुसऱ्या लेखाशी जुळेल तो लाल होतो, खाली सगळ्यात आधी छापलेल्या लेखाचं नाव येतं. मी म्हटलं, कराच. आणि पालकांसमोर करा. चोर एकदा चव्हाट्यावर येऊ देत.

२० जून, सभेनंतर
लिहवत नाही.

कुत्रा लाल. सायकल लाल. अख्खी पाचवी ते सातवी लाल. आणि सगळ्यात वर माझा अग्रलेख, तो तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत लाल. खाली सूचना : मूळ लेख 'आजोबांची कवळी', इयत्ता सातवी. तिचाच सगळ्यात आधी छापला ना.

सभागृह हसलं. मी उठून सांगितलं की वाक्यं सगळी माझीच आहेत. मुख्याध्यापिकाबाईंनी शांतपणे विचारलं, मग मुलांची कुठे आहेत? तेवढ्यात शंकासुराचे आजोबा उभे राहिले. कवळी जागेवर होती. म्हणाले, मी आयुष्यात कधी पहाटे उठलेलो नाही.

पांढराशुभ्र राहिला एकच लेख. गुडघ्यांचा. सगळ्या सभेने तो मोठ्याने वाचला, काही पालकांनी खुर्चीतल्या खुर्चीत पाय ताणून पाहिले. किळस आली मला त्या बदामाची.

प्रमुखपद जाहीर झालं नाही. बाई म्हणाल्या, तूर्त खुर्ची रिकामी चालेल.

२१ जून
मशीनला साहित्य कळत नाही. संकल्प : लढणे.

२३ जून
लढलो नाही. बाईंनी पासवर्ड बदललाय. मासिक आता मुलांची समिती बघते. पोरांनी आपापले मूळ लेख परत चढवले, कुत्रा छान आहे कारण तो छान आहे, तसाच. आजोबा हसतात. सौ.ने तो लेख मला जेवताना वाचून दाखवला आणि स्वतःही हसली. मी घास गिळत राहिलो. लेख बरा होता. हे फक्त इथेच लिहितोय.

साइटवर माझ्या नावापुढे आता फक्त 'लेखक'.

२६ जून
अग्रलेख पुन्हा पाठवला, थोडा हात फिरवून. पडद्यावर आलं : संपादकांच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत. संपादक कोण, तर शंकासुर.

संध्याकाळी तिचा शेरा आला. सर, विषय चांगला आहे. स्वतःच्या शब्दांत लिहा.

२७ जून
बसलो. 'पहाटेच्या' एवढं लिहून खोडलं. बराच वेळ दुसरं काही येईना. मग लिहिलं, 'ती खुर्ची खूप छान आहे. ती छान आहे कारण ती छान आहे.'

लाल झालं.