बांधलेल्या लाँचचा वेग

४ मार्च

२.३ दाखवतंय! दादाची लाँच धक्क्याला दोन दोरांनी बांधलेली, इंजिन बंद, आणि माझं यंत्र म्हणतंय, ताशी २.३ किलोमीटर. डोकं धरून बसले. दिवसभर दुकानात लोकांचे पंप दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी हे. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं.

खुंटी पिळून शून्य केलं आणि घरी आले. दादा नुसता "चालायचंच" म्हणाला. हल्ली सगळ्यावर त्याचं हेच उत्तर.

५ मार्च

कागदावर तरी यंत्र अगदी साधं आहे. तांब्याच्या तारेचं वेटोळं, दोन स्टीलची बटणं, सगळं एका बरणीत राळ ओतून घट्ट केलेलं. फक्त बटणांची तोंडं बाहेर. वेटोळ्यात वीज सोडली की त्याचा चुंबक होतो. त्याच्यापुढून खारं पाणी सरकलं की बटणांमध्ये नखाएवढी वीज उठते. पाणी जितकं जोरात, तितकी ती जास्त. वर एका डब्यात ती वाढवून आकड्यावर आणायची, झालं. आणि डब्यावर शून्य जुळवायला एक खुंटी.

फिरणारं काही नाही – हेच तर हवं होतं. विकतची पंखावाली दोन यंत्रं लावून झाली. एक शेवाळाने अडलं. दुसऱ्यात शिंपल्यांनी संसार थाटला.

६ मार्च

शून्याच्या खाली ०.८! म्हणजे बांधलेली लाँच आता मागे पळतेय. परत खुंटी पिळली. नंतर धक्क्याशेजारच्या नव्या दगडी भिंतीवर पाय सोडून बसून राहिले. फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच पुरी झाली ही भिंत, बसायला बरी आहे. उठवत नव्हतं.

१० मार्च

परवान्याच्या कचेरीचं पत्र आलं. २४ तारखेला दादाची सुनावणी. वेग दाखवणारं चालू यंत्र हवंच, नाहीतर लाँच कायमची उभी. सोबत माझ्या जबाबाची प्रत.

लिहूनच टाकते. १८ फेब्रुवारी, संध्याकाळी सहा. दादाची लाँच धक्क्यावर आदळली. मी पुढच्याच बाकावर होते. माझ्या शेजारी बसलेल्या शाळेतल्या बाईंचं मनगट मोडलं. दादा तेव्हा म्हणाला होता, "पाण्यानं ओढलं." एकदाच म्हणाला. मला ती सबब वाटली. साठी आली, नजर पूर्वीची नाही, असंही वाटलं. कचेरीतल्या साहेबांनी विचारलं तेव्हा लिहून दिलं – वेग जास्त होता. खाली माझी सही.

आपलेच दात, आपलेच ओठ.

दादाने प्रत वाचली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. चिडला असता तर बरं झालं असतं. तीस वर्षं लाँच चालवतोय तो, आणि तीन आठवडे ती धक्क्याला बांधून ठेवलीय. यंत्र करतेय ते त्याच्यासाठी, असं सगळ्यांना सांगते. खरं तर माझ्या जिवाला लागलंय म्हणून करतेय.

१३ मार्च

परत खुंटी. रोज वेगळा आकडा. बॅटरी बदलली, तारा बदलल्या, डबा उन्हातून सावलीत नेला. काही फरक नाही.

१५ मार्च

धक्क्यावर गेले नाही. दिवे न लावता पडून राहिले.

१७ मार्च

दादा आज पहिल्यांदाच बघायला आला. म्हणाला, "काय इंजिनीअरीणबाई, तुमची बरणी काय म्हणतेय?" किती दिवसांनी चेष्टा केली त्याने! बरं वाटलं. मी नुकतीच खुंटी पिळली होती, आकडा अगदी शून्यावर.

तो काठावर आडवा झाला आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. पूर्वी वेग असाच बघायचा तो. बराच वेळ तसाच राहिला.

"शून्य आहे?"

"शून्यच. बांधलेली आहे ना लाँच."

"नक्की?"

"दादा, यंत्र आहे ते."

हात काढला, पँटला पुसला आणि गेला. माझा सूर तुटक होता. दमले होते.

१८ मार्च

यंत्र जिला बांधून पाण्यात सोडते ती काठी तडकली. सगळं उचलून दुकानात आणलं, सोबत बादलीभर खारं पाणी. राळेतून गळतंय का ते बघायचं.

१९ मार्च

सकाळी यंत्र बादलीत सोडलं. शून्याखाली १.५. खुंटी पिळून शून्य केलं आणि पंपांच्या मागे लागले. बंद करायचं विसरलेच. दुपारी बघते तर शून्य! डबा चांगला तापलेला, तरी शून्य. चारला शून्य. पाचला शून्य. दोन आठवडे मला नाचवणारं यंत्र बादलीत गप्प बसलेलं.

मग उमजलं. बादलीतलं पाणी उभं असतं.

तशीच धक्क्यावर गेले. खुंटीला हात लावला नाही. सहा वाजता यंत्र पाण्यात सोडलं – २.३. लाकडाची ढलपी टाकली. ती भिंतीच्या कडेने आली आणि धक्क्याखालून सरळ निघून गेली. नवी भिंत ओहोटीचं सगळं पाणी इकडे वळवतेय! पाण्याचा जोर रोज वेगळा, म्हणून आकडाही रोज वेगळा. लाँच बांधलेली होती म्हणून मी शून्य धरलं. यंत्र रोज खरं सांगत होतं आणि मी रोज त्याचं तोंड दाबत होते.

केबिनमध्ये भरती-ओहोटीचा तक्ता आहे. १८ फेब्रुवारीला संध्याकाळी सहाला ओहोटी साधारण आजच्याइतकीच.

पाण्यानंच ओढलं होतं.

घरी आले तर दादा झोपला होता. उठवलं नाही. सकाळी सांगेन.

२० मार्च

उठले तर दादा घरात नाही. वहिनीला सगळं सांगितलं. ती खुर्चीत बसली. म्हणाली, "परवा परवाना परत देऊन आले ते. चूक माझीच, असं लिहून दिलं."

का, म्हणून विचारलं.

"म्हणाले, हाताला पाणी वाहतंय असं लागत होतं आणि यंत्रात शून्य होतं. हातातली पारख गेली आता. आणि म्हणाले, वेग जास्त होता असं ती उगाच लिहायची नाही."

कचेरी दहाला उघडते. यंत्र आणि बादली घेऊन निघालेय.