स्वच्छ डिझेलचं तेल

द्रिताताईस धाकट्या बेस्निकचा नमस्कार.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे? अंजिरं वाळत घातलीत का?

सरोवरावरची आमची फेरीबोट मधेच बंद पडल्याचं तुझ्या कानावर आलंच असेल. तीस माणसं होती, सगळी सुखरूप उतरली. मी इंजिन उघडलं तर बेअरिंगं आम्लानं खाल्लेली. डिझेलमधलं गंधक जळलं की आम्ल होतं, म्हणून गंधकाच्या डिझेलला इंजिनात आम्ल मारणारं तेल लागतं आणि तेही लवकर बदलावं लागतं. मी घातलं होतं स्वच्छ, बिनगंधकाच्या डिझेलचं तेल, कारण डिझेल आणणारा ग्येर्ग म्हणाला होता, “आता बंदरातून चांगला माल येतो, तू निर्धास्त राहा.” बारा वर्षं सोबत काम केलेल्या माणसाकडे कागद मागायचा असतो का, ताई?

डिझेल तपासून घेतलं तर गंधकच गंधक. त्याला विचारलं. म्हणाला, “खरं सांगितलं असतं तर तू ते टाकीत घालू दिलं नसतंस.” आणि मालकासमोर मात्र, “तेल बेस्निकनंच निवडलं.” मी तपासणीचा कागद पुढे केला. मालक म्हणाला, “हा कागद आधी आणायचास.” दोघांनाही काढलं.

सोमवारपासून मी श्कोडरला ट्रकच्या गॅरेजात आहे. आता डिझेल तपासल्याशिवाय तेलाच्या डब्याला हात लावत नाही.

आईला यातलं काही सांगू नकोस. ती ग्येर्गसाठी लोकरीचे मोजे विणत असेल, विणू दे. पाठव, मी नेऊन देईन. त्याच्या हातात नाही देणार, दाराशी ठेवून येईन.

तुझा,
बेस्निक