मिझुतानी-सान गव्हर्नरपदाला उभ्या राहतात

२ ऑक्टो., त्सुकुबा
मिझुतानी-सान गव्हर्नरपदाला उभ्या राहताहेत! तीन टर्मची आमदारकी सोडून. हरल्या तर हेही गेलं, तेही गेलं. नवरा, वि., म्हणाला, "बाई धाडसी आहे." नुसती धाडसी? ग्रेट आहे. भूकंपानंतर नळ कोरडे पडले तेव्हा स्वतः आमदार असून आमच्यामागे रांगेत, बादल्या घेऊन. माझं मोडकं जपानी शेवटपर्यंत ऐकून घेणारी पहिली बाई. मला मत नाही, पासपोर्ट भारतीय. पण हातपाय आहेत की.

२६ ऑक्टो.
लॅबला सुट्टी. तीस बटाटेवडे तळून सायकलवरून प्रचार कार्यालयात. मि.सान स्वतः दारात आल्या. डबा दोन्ही हातांनी घेतला, वास घेतला, आणि परत दिला! "माफ करा. प्रचारात जेवण चालत नाही. चहा आणि चहाबरोबरचा खाऊ, एवढंच." म्हटलं, एक तरी घ्या. नाही म्हणजे नाही. भरलेला डबा घेऊन घरी. रडूच आलं.

२७ ऑक्टो.
वडे अजून संपत नाहीत. वि. म्हणे, "निवडणुकीत वडा परत करणारा उमेदवार पहिल्यांदाच बघतोय." हसले. राग गेला. आता आदर जास्तच.

३ नोव्हें., लक्ष्मीपूजन
बेसनाचे लाडू. पण लाडू म्हणजे जेवण की खाऊ? वि.: "तुझ्या लाडवांचा आकार बघता जेवण." सुपारीएवढे वळले. कार्यालयात फोन केला. तिकडे दहा मिनिटं चर्चा. पास! मि.सानचा आवाज पार बसलाय. प्रचाराचे पांढरे हातमोजे काढून उभ्याउभ्या एक खाल्ला. कागदावर लिहिलं, "आज तुमचा सण ना? घरी जा." या धामधुमीत हे लक्षात! गेले नाही. पत्रकांवर निवडणूक कार्यालयाने दिलेली परवानगीची तिकिटं चिकटवत बसले.

१० नोव्हें., रविवार
मतदान. शेजारच्या आजींबरोबर शाळेपर्यंत चालत. त्या आत, मी फाटकाशी. इथे उमेदवाराचं नाव स्वतः पेन्सिलीने लिहायचं. दोन मिनिटांचं काम, आजींना पंधरा लागली.
"चष्मा विसरलात का?"
"चष्मा कसला. निवडून आली की ती साऱ्या प्रांताची. आपल्या गल्लीत मग कोण येणार? हात उचलेना."
"मग लिहिलंत ना नाव?"
आजी नुसत्या हसल्या आणि चालू लागल्या. मला मत असतं तर माझाही हात तिथेच अडला असता.