मागच्या रांगेचा बॅकअप

तीर्थस्वरूप दादांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर आणि उजवा गुडघा संपावर असल्यामुळे तूर्त सहाच अंगांचा मानून घ्यावा, उरलेली दोन भेटीअंती.) तुमचा रक्तदाब कसा आहे? वहिनींचा खांदा आता वर जातो का? तुमचा कुत्रा अजून पोस्टमनवर धावून जातो का? जात असेल तर हे पत्र मिळेपर्यंत त्याला बांधून ठेवावं, ही विनंती. इकडे आम्ही खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. फोन करायचा सोडून हा माणूस पत्र कशाला पाडतोय, असं तुम्हाला वाटेल. पण तुमच्या बहिणीची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. निवृत्त झाली तरी घरातला एकही फोन तिच्या कानावरून गेल्याशिवाय पलीकडे पोचत नाही. ती शेजारच्या खोलीत असो, नळ धो धो सुरू असो, नाहीतर चक्क झोपलेली असो. म्हणून पत्र.

सध्या माझं बूड एका जागी ठरत नाही. हे एवढं लिहीपर्यंत मी तीनदा उठून आलो. (एकदा नळ बघायला, एकदा नळ बंद आहे हे परत बघायला, आणि एकदा उगाच.) दुकानातही तेच. परवा एका बाईंना चष्मा लावून बघताना मी त्यांना फळ्यावरची अक्षरं वाचायला सांगितली आणि स्वतःच वाचून मोकळा झालो. त्या म्हणाल्या, "तुमचे डोळे छान आहेत हो." या सगळ्याच्या मुळाशी माझ्या डिस्क आहेत.

तुम्ही आमच्या बैठकीच्या खोलीत बसलेले आहात, तेव्हा वर्णन लांबवत नाही. समोर तीन स्पीकर, मागे दोन, आणि कोपऱ्यात तो बुटका ढोल्या, ज्याला तुमची बहीण भोपळा म्हणते आणि ज्याच्यावर तिने कुंडी ठेवली आहे. (ढोल वाजला की झाडाची पानं हलतात. त्याने झाड चांगलं वाढतं, असं तिचं म्हणणं. मी वाद घालत नाही.) सराउंड साउंडच्या डिस्क मी वर्षानुवर्षं, पोटाला चिमटा काढून नव्हे पण कपड्यांना काढून, जमवल्या. एक सदरा कमी घेतला की एक डिस्क जास्त. गेल्या वर्षापासून मात्र प्लेअरने असहकार पुकारला. डिस्क घातली की जीभ आत ओढायचा, विचार केल्यासारखा घरघरायचा आणि परत जीभ बाहेर काढून दाखवायचा. काही डिस्कच्या कडेला तांबूस डागही दिसायला लागले. माणूस म्हातारा होतो हे मी मान्य केलं होतं, पण संगीतही होतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग ठरवलं, सगळ्याचा बॅकअप घ्यायचा. कॉम्प्युटरला डिस्क चारायची, त्याने ती चावून एका चपट्या डबीत साठवायची, की झालं काम. मी खुर्ची ओढून पडद्यावरची ती हिरवी पट्टी पुढे सरकताना बघत बसायचो. बसायचो म्हणजे काय, उठायचो, फेऱ्या मारायचो, परत येऊन बघायचो. तुमची बहीण म्हणाली, दूध उतू जाईल म्हणून उभं राहावं तसे उभे राहता, त्यापेक्षा दुधाशीच उभे राहा. पण एकेक डिस्क बिनबोभाट आत जात होती, आणि माझी छाती एकेक इंच फुगत होती. शेवटची संपली आणि त्याच सुमारास तुम्ही आलात. तुमच्या अंजिरांवर पक्षी ताव मारतात, चकाकणारं काही टांगलं तर बुजतात, असं तुम्ही जेवताना म्हणालात. तिला कपाट रिकामं हवं होतं, मला औदार्याची उबळ आली होती. ती आत भांडी आवरत असताना मी अख्खा साठा पिशवीत भरून तुमच्या गाडीत ठेवला. एवढा हलका मी कित्येक वर्षांत झालो नव्हतो.

पुढच्या रविवारी तिने आपणहून एक डिस्क लावायला सांगितली. आयुष्यात ती कधी सांगत नाही. मी लावतो, ती ऐकते, किंवा ऐकत नाही. तिला हवं होतं ते तिच्या एक्स्चेंजमधल्या मुलींचं वृंदगान. एक्स्चेंज बंद झालं तेव्हा त्या सगळ्या जणी शेवटचं म्हणून एका सभागृहात गायल्या होत्या, आणि एका हौशी कंपनीने ते डिस्कवर उतरवलं होतं. त्यांच्या गाणं बसवणाऱ्या बाईंनी मोठी गंमत केली होती. निम्म्या मुली समोर, मंचावर उभ्या केल्या आणि निम्म्या प्रेक्षकांच्या पाठीमागे. समोरच्यांनी हाक मारायची, मागच्यांनी ओ द्यायची. तुमची बहीण उंच, म्हणून मागे. एवढी वर्षं ती डिस्क लागली की ही बाई उजवीकडच्या मागच्या स्पीकरपाशी स्टूल घेऊन शेंगा सोलत बसायची. मला वाटायचं, तिथे उजेड चांगला येतो.

मी ऐटीत डबी जोडली. समोरून हाक आली. मागे शांतता. परत हाक आली. परत शांतता. पलीकडे रिंग वाजतेय आणि फोन कोणी उचलत नाही, तसं ते सबंध गाणं चाललं. तिने हातातली शेंग खाली ठेवली. म्हणाली, "यात मी नाहीये." रागावली नाही, दादा. रागावली असती तर मला सवय आहे. उठली आणि आत जाऊन कपड्यांच्या घड्या करायला लागली, त्याही आधीच घडी केलेल्या कपड्यांच्या.

तेव्हापासून मी पिसाळलोय. वायरी बदलल्या, मागचे स्पीकर पुढे आणले, पुढचे मागे नेले, भोपळ्यावरची कुंडी उतरवली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त ध्वनितज्ज्ञ, ज्यांना आम्ही खाजगीत डेसिबल म्हणतो, त्यांना बोलावलं. त्यांनी आधी पडद्यांवर संशय घेतला, मग सोफ्यावर. सोफा हलवला तेव्हा माझी कंबर गेली. मग त्यांनी तुमच्या बहिणीच्या अंबाड्याकडे रोखून पाहिलं आणि केसांत आवाज शोषला जातो, असं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तिने नुसतं बघितलं. त्यांनी तोंड मिटलं आणि चहा मागितला.

शेवटी लेकीला फोन लावला. (बायको भाजी आणायला गेल्याची खात्री करून.) ती म्हणाली, "बाबा, त्या डिस्कमध्ये दोन थर असतात. साधा कॉम्प्युटर वरचाच थर वाचतो, त्यात फक्त पुढचे दोन स्पीकर. मागचं सगळं आतल्या थरात असतं, ते त्याला दिसतच नाही." म्हणजे मी इतके दिवस उभं राहून फळ टाकलं आणि साल जपून ठेवली! आतला थर उतरवून देणारे जुने, ठरावीक प्लेअर असतात, असंही ती म्हणाली. नंतर डेसिबल यांना मॉडेलचं नाव सांगितलं, तर ते म्हणाले, "अहो, तो तर माझ्याकडे आहे! गॅलरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलाय." धुळीसकट उचलून आणला. चालतो. जीभ बाहेर काढून बसलाय. त्या जिभेवर ठेवायला माझ्याकडे काहीच नाही.

काल संध्याकाळी मला राहवलं नाही. ती अर्धवट साल लावून तसाच बसलो होतो. तिला म्हटलं, मागच्या ओळी मला कधी नीट आठवत नाहीत, काय होत्या गं? म्हणाली, "कशाला आता." आणि मग समोरून हाक आली, तेव्हा माझ्या पाठीमागून, अगदी त्या स्पीकरच्या जागेवरून, तिने ओ दिली. आवाज थोडा फाटला. दुसऱ्या हाकेला सावरला. मी मागे वळून पाहिलं नाही, वळलो असतो तर ती थांबली असती. दादा, मी एवढे स्पीकर विकत घेतले, पण पाठीमागून आवाज येणं म्हणजे काय असतं ते मला काल कळलं. गाणं संपलं तेव्हा ती म्हणाली, "उद्या दूध जास्त घ्यायचंय." मी हो म्हटलं.

असो. पत्र निव्वळ खुशालीचं आहे, त्यात काही हेतू शोधू नये. वहिनींना नमस्कार, कुत्र्याला लांबूनच.

तुमचा,
धाकटा मेव्हणा

ता. क. अंजिरावरच्या डिस्क हे पत्र हातात पडल्यापडल्या उतरवाव्यात. शिडीवर तुम्ही चढू नका, कोणालातरी चढवा. ऊन-पावसाने काय व्हायचं ते झालं असेल, पण मऊ कापडाने मधून कडेकडे पुसाव्यात, गोल गोल नव्हे. निळ्या अक्षरांची एक डिस्क त्यात आहे, वृंदगानाची. बाकीच्या एक वेळ पक्ष्यांना दिल्या तरी चालतील, ती तेवढी छातीशी धरून आणावी.

ता. क. २. बहिणीला यातलं अवाक्षर कळू देऊ नये. डिस्क दुरुस्तीला दिल्या आहेत, असं मी तिला सांगितलंय.

ता. क. ३. दादा, मी लिहितेय. पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरले आणि पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं, यावरून ह्यांचं कसं चाललंय ते ओळख. ह्यांनी तुझ्या गाडीत पिशवी ठेवली तेव्हा मी भांडीच घासत होते, पण कान काही घासत नव्हते. निळ्या अक्षरांची डिस्क मी त्याच रात्री, तू निघायच्या आधी, गाडीतल्या पिशवीतून काढून माझ्या साड्यांखाली ठेवली आहे. बॅकअपमध्ये मी आहे की नाही तेवढं बघायचं होतं, म्हणून लावायला सांगितलं. आता बाकीच्या उतरव आणि पाठव, बिचाऱ्याची कंबर गेली. पण सावकाश. घाई करू नकोस. हल्ली रोज संध्याकाळी मला गायला सांगतात.