देवघरासमोरचे बूट

एकनाथराव,

मी कोसबाडला व्याख्यानाला निघाले आहे; दुपारी परतेन. आपण झोपला आहात, म्हणून लिहिते.

“देवासमोर बूट घालून फिरू काय, वसू?” असे म्हणून आपण सकाळी अनवाणी निघालात, ओल्या फरशीवर घसरलात आणि चौकट हाती लागली म्हणून वाचलात. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरची ही भक्ती थोर आहे. मात्र त्याच देवघरात दत्ताच्या पादुकांना आपण रोज गंध लावता. पादत्राणांचे देवाला वावडे नसावे.

डॉक्टरांनी सांगितलेले ते बंद टाचेचे, न घसरणारे बूट उंबऱ्याबाहेर कधी गेलेलेच नाहीत. मी ते हळदकुंकू लावून पलंगापाशी ठेवले आहेत. आता तरी ते सोवळ्यात धरा. स्वतः वाकून घालू नका. शेजारची श्रुतिका येऊन चढवून देईल. तिच्याकडे किल्ली आहे, तेव्हा बेल वाजली तरी उठू नका.

मागच्या वेळी, खुबा मोडला तेव्हा, मी दार उघडले तर तुम्ही फरशीवर निपचित पडला होतात. आजही परतल्यावर ते दार मलाच उघडायचे आहे. कृपा करून खुर्चीत बसलेले दिसा.

वसुमती