नमस्कार करणारं डुक्कर

पनवेल, १८ नोव्हेंबर २०२४

प्रिय शैलेश,

आज बाबांचं तेरावं झालं. सकाळी भटजी आले, दुपारी पंगत उठली, मग मांडववाल्याने खुर्च्या नेल्या. किशोरी आत्या मोऱ्याला परत गेली. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

आजारी बापाला नैरोबीहून तू काय पाठवलंस, तर तिकडच्या रानडुकराचा, वॉर्टहॉगचा व्हिडिओ. बाबांनी मात्र तो पुन्हा पुन्हा पाहिला. त्या वॉर्टहॉगच्या तोंडावरच्या मोठाल्या चामखिळी, वर वळलेले सुळे, पळताना ताठ उभी शेपटी. पुढचे गुडघे टेकून ते चरत होतं, तर बाबांना वाटलं, नमस्कार करतंय. मी समजावलं, त्याची मान आखूड आहे, तोंड गवताला पोचत नाही, म्हणून ते गुडघ्यांवर चरतं. "खायाला कोन गुडघं टेकतं काय? गुणाचं जनावर हाय," म्हणाले. शेजारच्या गंगाबाईंनाही सांगितलं, आमचा शैलेश राहतो तिथली डुकरंसुद्धा नमस्कार करतात.

मग मी त्यांना त्याची माहिती वाचून दाखवायचे. ते सहसा स्वतः बीळ खणत नाही. वाळवी खाणारं दुसरंच जनावर खणून जातं, त्यात हे राहतं. मोठं झालं की आत शिरतं ते उलटं, सुळे दाराकडे ठेवून. माद्या पिल्लांना घेऊन एकत्र राहतात. मोठा नर वेगळा फिरतो, आपल्या गरजेला तेवढा येतो. हे ऐकून बाबा भिंतीकडे वळले. पुढचं वाचू नको म्हणाले.

तुला सुटी नव्हती, म्हणून अग्नी मी दिला. दहाव्याला तू व्हिडिओ कॉलवर गुडघे टेकलेस. खाली गालिचा होता. आत्या रडली, पोराला किती लागलंय म्हणाली. संध्याकाळी तू हे घर बिल्डरला द्यायचे कागद पाठवलेस. ताईने सही करावी, द्रोणागिरीला भाड्याने खोली बघावी, एकटीला पुरे. वॉर्टहॉगची मान आखूड असते, त्याचा नाइलाज आहे. तुझी चांगली लांब आहे.

मी सही करणार नाही. हे घर मी सोडणार नाही, आणि याबद्दल आत्याकडून निरोप पाठवू नकोस. सुतक संपलं. आत्याला गाडीत बसवून येताना बाजारातून सुकट आणली आहे, ती निवडायला बसते.

नात्याने तुझीच,
दमयंतीताई